आम्ही काय वाचतो ते विकू नका: मराठी दैनिकांच्या मालकांना आणि संपादकांना खुले पत्र

मराठी दैनिकांचे मालक, संपादक आणि डिजिटल विभागांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी २७ वर्षं एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काम केलं, त्यातली शेवटची ११ वर्षं ग्रंथपाल म्हणून. सकाळी साडेसातला कुलूप काढायचं, वृत्तपत्रांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडायची, प्रत्येक अंकावर वाचनालयाचा शिक्का मारायचा आणि अंक तिरक्या लाकडी स्टँडवर पट्टीखाली अडकवायचा, हे माझं रोजचं पहिलं काम. आठ वाजता दाराबाहेर माणसं उभी असायची. पेन्शनर, रिक्षावाले, स्पर्धा परीक्षेची पोरं, बाजाराला आलेले शेतकरी. मुक्तद्वार विभागात यायला सभासद असावं लागत नाही, नाव लिहावं लागत नाही. कोणी आधी निधनवार्ता बघायचं, कोणी बाजारभाव, कोणी नोकरीच्या जाहिराती. कोण कुठल्या पानापाशी किती वेळ थांबला, याची नोंद कुठेच व्हायची नाही. तशी नोंद करावी, असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

आता माझ्यासारखे असंख्य लोक तुमची दैनिकं टॅबवर आणि फोनवर वाचतात. तिथे ही नोंद होते. प्रत्येक पानाची होते, आणि ती तुमच्याकडेच राहत नाही, दुसऱ्यांच्या हाती जाते. त्याचा चटका मला या वर्षी बसला, म्हणून हे पत्र.

मार्चमध्ये आईच्या छातीत गाठ लागली. बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी भावानं आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून ठरवलं, की तिला लगेच सगळं सांगायचं नाही. तिचं वय ८१. ‘गाठ आहे, काढावी लागेल’ एवढंच सांगू. पुढचे उपचार ठरले की आम्ही दोघं समोर बसून, तिचा हात हातात घेऊन बाकीचं सांगू. हे बरोबर की चूक, यावर मतं वेगळी असतील. पण तो निर्णय आमच्या घराचा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. घरात टॅब एकच. तो घेऊन मी स्वयंपाकघरात बसले आणि तुमच्यापैकी एका दैनिकाच्या संकेतस्थळावर आरोग्य पुरवणीतले जुने लेख शोधले. केमोथेरपी या वयात झेपते का, केस जातात का, जेवण जातं का. चार-पाच लेख वाचले. लेख चांगले होते, डॉक्टरांनी तळमळीनं लिहिलेले. त्या रात्री मला त्यांचा आधार वाटला, हेही इथे लिहिते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं नेहमीसारखा टॅब मागितला. चहाबरोबर ती त्याच संकेतस्थळावर राशिभविष्य वाचते. मी आत कुकर लावत होते. एरवी ती रास मोठ्यानं वाचून दाखवते, तिची आणि मग माझी. त्या दिवशी आवाज आला नाही, म्हणून मी बाहेर आले. टॅब मांडीवर उपडा ठेवलेला, चष्मा हातात, चहावर साय धरलेली. मी टॅब उलटून पाहिला. राशिभविष्याच्या दोन परिच्छेदांमध्ये एक चौकट होती: केमोथेरपीनंतर घालायच्या विगची. थोडं खाली सरकवलं तर दुसरी, स्तनाच्या कर्करोगावर ‘दुसरं मत’ देणाऱ्या रुग्णालयाची.

“मला तेच झालंय का गं?” एवढंच तिनं विचारलं.

ती जाहिरात कुणी लावली, कोणत्या कंपनीनं तो टॅब हेरला, हे मला कळायला आजही मार्ग नाही. काही मोठ्या जाहिरात कंपन्यांच्या नियमावलीत आजारावरून माणूस हेरून जाहिरात दाखवायला मनाई आहे. तरी ती आली. मी दैनिकाला मेल केला. उत्तर आलं की जाहिराती ‘तिसऱ्या पक्षाकडून आपोआप’ लागतात आणि त्यांच्यावर दैनिकाचं नियंत्रण नसतं. हे उत्तर मला मान्य नाही. पान तुमचं आहे. त्यावर तुमच्या दैनिकाचं नाव आहे.

मी सोशल मीडियावर नाही, आणि त्याचं कारणही तुम्हीच आहात. २०१८ च्या मार्चमध्ये केंब्रिज अॅनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती फेसबुकवरून गेली असावी, त्यात भारतातले सुमारे ५ लाख ६२ हजार, हे मी तुमच्याच पहिल्या पानावर वाचलं. त्यातली एक गोष्ट मी कापून ठेवली होती. ही माहिती ज्या अॅपमधून गोळा झाली, ते भारतात अवघ्या ३३५ जणांनी घेतलं होतं. बाकीच्या लाखो लोकांनी काहीच केलं नव्हतं, ते कुणाच्या तरी मित्रयादीत होते इतकंच. तुमचे अग्रलेख वाचून मी फेसबुकचं खातं बंद केलं, पुढे व्हॉट्सअॅपही काढलं. त्याची किंमत मोजते आहे. भाचीच्या बाळाचे फोटो मला सगळ्यांच्या शेवटी बघायला मिळतात. पाणी येणार नाही हे शेजारच्या वहिनी दारात येऊन सांगतात तेव्हा कळतं. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या एका मेळाव्याची तारीख तर मला मेळावा झाल्यावर कळली. तरीही हे मी समजून-उमजून पत्करलं.

मग एका विद्यार्थ्यानं मला टॅबवर दाखवलं, की तुमचं पान उघडलं की त्यामागे काय काय उघडतं. हा मुलगा आमच्या वाचनालयात अभ्यास करून इंजिनिअर झाला. त्यानं एक साधन लावलं आणि बातमीचं एक पान उघडलं. बाजूला नावांची यादी वाढत गेली. त्या यादीत फेसबुकच्या मालक कंपनीचा, मेटाचा, पिक्सेल होता. पिक्सेल म्हणजे पानात लपवलेला छोटासा कोड. पान उघडलं की तो परस्पर त्या कंपनीला कळवतो की अमुक उपकरणावर अमुक पत्त्याचं पान उघडलं. वाचणाऱ्याचं तिथे खातं नसलं तरी कळवतो. अमेरिकेत २०२२ मध्ये ‘द मार्कअप’च्या पत्रकारांनी १०० नामांकित रुग्णालयांची संकेतस्थळं तपासली, तेव्हा ३३ ठिकाणी हाच पिक्सेल सापडला. डॉक्टरची वेळ घ्यायचं बटण दाबलं, की ते फेसबुकला कळत होतं.

म्हणजे ज्या घराचं दार मी विचार करून बंद केलं, त्याच घरी तुम्ही मला रोज सकाळी नेऊन सोडत होता. न सांगता.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार लिलावाची आहे. बाजार समितीतला कांद्याचा लिलाव मी लहानपणापासून पाहिला आहे. ट्रॅक्टरभोवती व्यापारी गोळा होतात, बोली चढते, ज्याची बोली सर्वांत वर तो माल नेतो. बाकीचे रिकाम्या हातानं पुढच्या ट्रॅक्टरकडे जातात. तुमच्या पानावरच्या जाहिरातीच्या चौकटीचाही असाच लिलाव होतो. मी पान उघडल्यापासून ते दिसेपर्यंत, सेकंदाच्या दहाव्या भागात तो उरकतो. बोली लावणाऱ्यांना आधी माल दाखवावा लागतो, आणि तो माल म्हणजे मी. कोणतं पान उघडलं, फोन कोणता, आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक काय, त्यावरून गाव कोणतं, आणि या उपकरणाला चिकटवलेला ओळख क्रमांक. हे सगळं बोली लावायला बसलेल्या अनेक कंपन्यांकडे एकाच वेळी जातं. जिंकते एक. पण हरलेल्यांनीही ते पाहिलेलं असतं, आणि त्यांनी ते ठेवून घेतलं की टाकून दिलं, हे तुम्ही कसं तपासणार?

बोली लावणाऱ्यांना पानाचा विषय कळावा म्हणून या धंद्याची पानांच्या विषयांची एक सर्वमान्य वर्गवारी आहे, इंटरअॅक्टिव्ह अॅडव्हर्टायझिंग ब्युरो या संघटनेनं केलेली. तिच्या जुन्या यादीत आरोग्याखाली कर्करोग, मधुमेह, नैराश्य, वंध्यत्व, एचआयव्ही असे वेगवेगळे कप्पे आहेत. घरातल्या लैंगिक अत्याचारातून बाहेर पडण्यासाठी मदत शोधणाऱ्यांच्या विषयालाही कप्पा आहे. मी आयुष्यभर ड्यूई दशांश पद्धतीनं पुस्तकं लावली. ६१६ म्हणजे रोग. तो आकडा मी पुस्तकाच्या पाठीवर चिकटवला, पुस्तक नेणाऱ्या बाईच्या पाठीवर नाही. एकदा एक गृहस्थ देवघेवीच्या काउंटरवर आले आणि त्यांच्या मुलीनं गेल्या महिन्यात कोणती पुस्तकं नेली ते रजिस्टरमधून दाखवा म्हणाले. गावातलं मोठं प्रस्थ, वाचनालयाचे देणगीदार. मी रजिस्टर मिटलं आणि सांगितलं, की हे तिला विचारा. त्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला, बोलणीही खाल्ली. पण रजिस्टर उघडलं नाही. एका तालुक्याच्या वाचनालयाला जे पाळता आलं, ते तुम्हाला का पाळता येऊ नये?

तुमच्याकडे कुणाकुणाला दार उघडं आहे, याचा थोडा अंदाज कुणालाही घेता येतो. २०१७ पासून जगभरची संकेतस्थळं ‘अॅड्स डॉट टीएक्सटी’ (ads.txt) नावाची एक फाइल उघडी ठेवतात. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन हे नाव टाकलं की ती दिसते. तुमच्या जाहिरातीच्या जागा विकायचा अधिकार कोणाकोणाला दिलाय, त्यांची ती यादी. त्यात थेट विकणारे असतात आणि पुढे फेरविक्री करणारे असतात. त्यातला प्रत्येकजण वाचकावर पाळत ठेवतोच असं नाही. पण मी एका मोठ्या मराठी दैनिकाची ही फाइल उघडली आणि बोटानं वर सरकवत राहिले. ओळींमागून ओळी, एकही नाव ओळखीचं नाही, एकही शब्द मराठी नाही. माझ्या आईच्या आजारपणाच्या वाचनाची दलाली करू शकणारी ही माणसं कोण, हे तुमच्या संपादकीय विभागातल्या एकाला तरी सांगता येईल का?

दुसरी तक्रार संमतीची. काही संकेतस्थळांवर खाली इंग्रजीत एक पट्टी येते आणि तिच्यावर एकच बटण असतं, मान्य आहे असं म्हणण्याचं. काहींवर तर तेही नाही. नको म्हणायचं बटण मला अजून एकाही मराठी दैनिकावर सापडलेलं नाही. आपला डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे माहिती) संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती मोकळ्या मनानं, अटीशिवाय, नेमक्या कारणासाठी आणि समजून दिलेली हवी, असं तो कायदा म्हणतो. ती देणं जितकं सोपं, तितकंच काढून घेणंही सोपं हवं, असंही म्हणतो. आणि सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय हवी. मराठी त्या अनुसूचीत आहे. मराठी शाळांसाठी, मराठी पाट्यांसाठी तुम्ही इतकं लिहिता, आणि मराठी वाचकाची परवानगी मात्र त्याला न कळणाऱ्या भाषेत घेता. या कायद्यातली मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. तोवर थांबायचा तुम्हाला कायद्यानं हक्क असेल. पण माझी विनंती आहे, थांबू नका.

तिसरी तक्रार मुलांची, आणि हिच्यात मला राग आवरावा लागतो. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी मंडळाचं संकेतस्थळ उघडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मुलं घाबरलेली असतात, आयाही घाबरलेल्या असतात. मग तुमची संकेतस्थळं ‘इथे पाहा निकाल’ म्हणून पुढे येतात. निकाल बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. माझ्या भावाच्या नातीनं एका ठिकाणी निकालाची नोंदणी केली, तर तिथे मोबाइल नंबर आणि ईमेलही मागितला. घरातला नंबर तिच्या बापाचा, तिनं तो दिला. निकाल लागायच्या आधीपासूनच त्याला फोन सुरू झाले. क्लासचे, खासगी कॉलेजांचे, कर्ज देणाऱ्यांचे. दोन महिने. पोरगी १५ वर्षांची. कायद्यानं १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला, त्यांना हेरून जाहिरात दाखवायला तो कायदा मनाई करतो. मुलांबाबतच्या तरतुदी मोडल्या तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. पण दंडाचं सोडा. वर्षातून एकदा राज्यभरातली लाखो मुलं तुमच्या दारात येतात, ती भेदरलेली असतात, आणि त्या भेदरलेपणातच तुम्ही त्यांचा नंबर मागून घेता. गुणवंतांचे फोटो छापणाऱ्या दैनिकांना हे शोभत नाही.

चौथी तक्रार छोटी आहे. मी एका दैनिकाची डिजिटल वर्गणी भरते. वर्गणी भरल्यावर जाहिराती कमी झाल्या, पण पाळत तशीच राहिली. त्या मुलानं मी लॉग-इन केल्यावर पुन्हा तपासून दाखवलं, तर पिक्सेल जागच्या जागी. उलट आता त्या वाचनाला माझं नाव आणि ईमेलही जोडलेला आहे. पैसे भरून वाचणाऱ्याची ही गत, तर न भरणाऱ्यांनी काय अपेक्षा करायची?

आणखी एक आहे, पण ती तक्रारीपेक्षा दुखणं जास्त आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या याचिकेवरचा तो निकाल. दुसऱ्या दिवशीचे तुमचे अंक मी स्वतः स्टँडवर लावले. दिवसभर लोक वाचत होते, दोघा वकिलांचा तिथेच वाद झाला होता. ते अंक मी रद्दीत जाऊ दिले नाहीत, बांधून ठेवले. विदा कायद्यात पत्रकारितेला सूट नाही, माहिती अधिकाराला धक्का लागतो, म्हणून संपादकांच्या संघटनांनी आवाज उठवला, तेव्हाही मी तुमच्याच बाजूची होते आणि आहे. सूत्रांचं नाव सांगणार नाही म्हणून तुमचे वार्ताहर धमक्या सोसतात. खबर देणाऱ्याची एवढी जपणूक करणारी संस्था खबर वाचणाऱ्याला मात्र अशी उघड्यावर टाकते, हे मला समजत नाही आणि सहनही होत नाही.

तुमचं उत्तर मला माहीत आहे: पैसा कुठून आणायचा? हा प्रश्न खोटा नाही. तालुक्याच्या वार्ताहराला काय मिळतं ते मी जवळून पाहिलंय. आमच्याकडे येणारा एक वार्ताहर दिवसा बातम्या करायचा आणि संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात बसायचा. कागद महाग, छोट्या जाहिराती फोनवर गेल्या, अंकाचा खप पूर्वीसारखा नाही. जाहिराती बंद करा असं मी म्हणत नाही. जाहिरात आणि पाळत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या छापील अंकानं पिढ्यान् पिढ्या हे दाखवून दिलंय. गुढीपाडव्याला सराफाची पानभर जाहिरात असते, जूनमध्ये क्लासची, पाऊस सुरू झाला की बियाण्यांची. आरोग्य पुरवणीत रुग्णालयाची असते. त्या सराफानं कधी विचारलं नाही की पान उघडणारी बाई आदल्या रात्री काय वाचत बसली होती. मजकूर पाहून जाहिरात लावायची, वाचणारा पाहून नाही. एवढाच फरक.

हे बाहेर करून पाहिलेलं आहे. नेदरलँड्समध्ये सार्वजनिक प्रसारणाच्या जाहिराती स्टेर नावाची संस्था विकते. तिनं २०२० च्या जानेवारीपासून कुकीजवर, म्हणजे वाचणाऱ्याला ओळखण्यासाठी त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणांवर, बेतलेल्या जाहिराती पूर्ण बंद केल्या आणि मजकुराच्या विषयावरून जाहिराती लावल्या. पहिल्या दोन्ही महिन्यांत डिजिटल उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा निम्म्याहून अधिकनं वाढलं, कारण मधल्या दलालांचा वाटा वाचला. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१८ मध्ये युरोपातल्या वाचकांसाठी खुल्या लिलावातली विक्री आणि पाळतीवरच्या जाहिराती थांबवल्या. तिथलंही जाहिरातीचं उत्पन्न घटलं नाही. तुम्ही म्हणाल, ते मोठे, आम्ही लहान. पण लहान दैनिकाची तर आपल्या जिल्ह्यातल्या दुकानदाराशी थेट ओळख असते. कोल्हापूरच्या पानावर कोल्हापूरच्या साडीच्या दुकानाची जाहिरात लावायला परदेशातल्या लिलावाची गरज काय? तुमचे जाहिरात प्रतिनिधी त्या दुकानात वर्षानुवर्षं चहा पीत आलेत. मधल्या कंपन्या प्रत्येक रुपयातून आपला हिस्सा कापतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि ज्या कंपन्यांच्या जिवावर तुम्ही हे सगळं उभं केलंय, त्यांचा भरवसा किती? गूगलनं २०२० मध्ये जाहीर केलं की क्रोममधून तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे बाहेरच्या कंपन्यांच्या, कुकीज दोन वर्षांत काढू. मग तारखा पुढे ढकलल्या, आणि २०२४ मध्ये तो बेतच सोडला. सफारी आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी त्या केव्हाच अडवल्या आहेत. इतकी वर्षं जगभरच्या दैनिकांचे डिजिटल विभाग या एका कंपनीच्या घोषणांकडे डोळे लावून बसले होते. तितक्या काळात स्वतःची जाहिरात व्यवस्था उभी राहिली असती.

म्हणून माझ्या मागण्या सांगते. सगळ्या एका दिवसात होणार नाहीत, हे मला कळतं. पण पहिल्या दोन एका दिवसातही होतील, असं तो इंजिनिअर मुलगा सांगतो.

आरोग्य, लैंगिक अत्याचार, आत्महत्या, घरगुती हिंसा, धर्म आणि जात या विषयांच्या पानांवर बाहेरच्या कोणत्याही कंपनीचा पाळतीचा कोड नको. त्या पानांवर जाहिरात लावा, पण तुम्ही स्वतः विकलेली, साध्या चित्राची. आणि मेटाचा पिक्सेल सगळ्या संकेतस्थळावरून काढा. सोशल मीडियावर न जाणं हा वाचकाचा निर्णय आहे, त्याला तिथे नेण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

दहावी-बारावीच्या निकालाच्या पानांवर एकही पाळत यंत्रणा नको, आणि मोबाइल नंबर मागू नका. आजवर असे घेतलेले नंबर पुसून टाका आणि पुसले असं छापा.

संमतीची सूचना साध्या मराठीत द्या. ‘हो’ आणि ‘नको’ ही दोन्ही बटणं एकाच आकाराची, शेजारी-शेजारी. नको म्हटलं तरी बातमी पूर्ण वाचता यायला हवी. याच कारणावरून, म्हणजे नको म्हणणं हो म्हणण्याइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून, फ्रान्सच्या नियामकानं गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केल्याचं ६ जानेवारी २०२२ रोजी जाहीर केलं होतं. वर्गणीदारांना तर विचारूही नका. त्यांच्यामागे पाळत नकोच.

आणि शेवटची मागणी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शेवटच्या पानाच्या तळाला मुद्रक, प्रकाशक, संपादक कोण, अंक कुठे छापला, हे तुम्ही रोज बारीक अक्षरांत छापता. फेब्रुवारी संपला की ‘नमुना क्रमांक ४’ खाली वृत्तपत्राची मालकी कुणाची, एक टक्क्याहून जास्त भांडवल कुणाचं, हे वर्षानुवर्षं छापत आलात. आम्ही वाचनालयवाले ते निवेदन कापून फाइलला लावायचो. तसंच एक निवेदन आता वाचकांच्या माहितीबद्दल छापा. आमच्या संकेतस्थळावर वाचकाची माहिती कोणकोणत्या कंपन्यांना मिळते, त्यांची नावं, कोणती माहिती, कशासाठी, किती दिवस ठेवतात, आणि तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव. मराठीत, छापील अंकात, वर्षातून एकदा. ती यादी जर इतकी मोठी असेल की पानात मावणार नाही, तर ती आधी छोटी करा.

आईची शस्त्रक्रिया झाली. ती घरी आहे, बरी आहे. आता ती टॅब घेत नाही. मी पुन्हा छापील अंक लावला आहे, सकाळी पोरगा गॅलरीत टाकून जातो आणि ती चष्मा लावून राशिभविष्य वाचते. पण गावाबाहेर राहणाऱ्या, पुण्या-मुंबईच्या, परदेशातल्या मराठी वाचकांना ती सोय नाही, आणि पुढची पिढी तर कागदाकडे वळणार नाही. त्यांच्यासाठी हे लिहिलं.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ सुरू केलं. दरवर्षी त्या दिवशी तुम्ही पत्रकार दिन साजरा करता, वाचकांचे आभार मानता. येत्या ६ जानेवारीच्या अंकात वर सांगितलेलं निवेदन छापा. माझी वर्गणी त्याच महिन्यात संपते. ज्या दैनिकात ते निवेदन दिसेल, त्याची पुढच्या तीन वर्षांची वर्गणी मी एकदम भरेन, आणि आमच्या वाचनालयाच्या फाइलला ते कात्रण लावून यायला स्वतः जाईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक आणि निवृत्त ग्रंथपाल